संशयास्पद फेरफटका

अमेरिकेच्या उपनगरांत रहिवाशांनीच आपल्या गल्लीवर नजर ठेवून पोलिसांना वर्दी देण्याची जी व्यवस्था १९७०च्या दशकात रुजली, तिच्या शास्त्रात ‘संशयास्पद’ ठरण्यासाठी काही करावे लागत नाही. वर्णनातील बाकीचे रकाने कोरे राहिले तरी चालते, कातडीच्या रंगाचा रकाना तेवढा बिनचूक भरलेला असतो. बिनचूक म्हणणेही तसे उदारपणाचेच, कारण फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन येथे, नातवाला सांभाळण्यासाठी गुजरातहून नुकतेच आलेले ५७ वर्षांचे आजोबा मुलाच्या घराजवळ सकाळी पाय मोकळे करीत असता, एका दक्ष शेजाऱ्याने ‘सडपातळ काळा माणूस’ फिरत असल्याची वर्दी दिली, आणि ‘नो इंग्लिश’, ‘इंडिया’ एवढेच सांगू शकणाऱ्या त्या गृहस्थांना पोलिसाने असे जमिनीवर आपटले की मानेच्या मणक्याला इजा होऊन त्यांचे हातपाय काही अंशी लुळे पडले. दोन खटल्यांत ज्यूरीचे, म्हणजे निवाडा करणाऱ्या नागरिकपंचांचे, एकमत झाले नाही, तेव्हा न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडले. शेजाऱ्याच्या दृष्टीची तपासणी अर्थातच कोणी सुचविली नाही.

माणसाच्या वर्तनाऐवजी त्याच्या वंशावरून गुन्ह्याचा अंदाज बांधणे, ज्याला वांशिक साचेबंदी म्हणतात, ते मराठी वाचकाने केवळ सातासमुद्रापारचे समजू नये. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा १८७१चा कायदा १९५२ साली रद्द झाला. चोरी झाली की पहिली धाड पालांवर घालण्याची वहिवाट मात्र त्यानंतर कोणत्या कलमाखाली चालू राहिली, हे राजपत्रात छापलेले नाही.