आसखेडच्या पाण्यात बॅटरी घेऊन उतरणाऱ्यास

बॅटरीवाल्या,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. ती मी मोडतोय, कारण नमस्कार मनापासून करायचा असतो आणि तुला करावा असं तू काही केलेलं नाहीस. तुझं नाव मला ठाऊक नाही, गावही नाही. खूण तेवढी ठाऊक आहे. पाठीवर बांधलेली रिक्षाची बॅटरी, तिला जोडलेला इन्व्हर्टर, दोन वायरी, दोन बांबू आणि त्यातल्या एकाच्या टोकाला तारेच्या कड्यात बसवलेली जाळी. अंधार पडला की तू भामा-आसखेड धरणाच्या फुगवट्यात मांडीभर पाण्यात उतरतोस आणि उजाडायच्या आत निघून जातोस. मागे जे उरतं ते आम्हाला सकाळी दिसतं.

आम्ही म्हणजे कोण, तेही ऐक. भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. बुधवारची शिफ्ट सुटली की कोणी झोपून काढतो, कोणी आठवड्याचे कपडे धुतो, आणि आमच्यातले काही जण पहाटे दुचाकीला काठ्या बांधून मोशी, चाकण ओलांडून आसखेड गाठतात. लेथवर उभे राहणारे, पॉवर प्रेसवर बसणारे, प्लेटिंगच्या हौदांवर काम करून हातांची सालं गेलेले. लातूर-नांदेडकडचे आहेत, बिहारचे आहेत, ओडिशाचे आहेत. मी मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. तिथल्या मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारून, त्यांच्या जाळ्यांपासून लांब आम्ही बसतो. काठावर इतकी दाटी होते की एकाचा तंगूस दुसऱ्याच्या तंगुसात गुंततो. तरी भांडण होत नाही. शेजाऱ्याच्या मोरपिसाच्या तरंगत्या काडीला हिसका बसला की आपली दोरी गुंडाळून घ्यायची आणि त्याला मोकळी जागा द्यायची, हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. तू आमच्यात एकदाही बसला नाहीस, म्हणून तुला सांगावं लागतंय.

घराजवळ पाणी नाही म्हणून आम्ही एवढ्या लांब येतो असं नाही. इंद्रायणी मोशीवरून जाते, पवना चिंचवडातून. पण इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. पवनेत मेलेल्या माशांचा खच काठाला लागल्याच्या बातम्या आम्ही वाचल्या आहेत. त्या पाण्यातला मासा लेकराच्या ताटात वाढायला हात होत नाही. म्हणून भामा. आसखेडच्या फुगवट्यापर्यंत चाकणची कारखानदारी अजून पोहोचलेली नाही, पाणी स्वच्छ आहे, २०२१पासून हेच पाणी पुण्याचे लोक पितात. आमच्या बाजूला उरलेलं हे एक धड पाणी. त्यात तू वीज सोडलीस.

तुझ्या हातातल्या वस्तूचं काम मला तुझ्यापेक्षा जास्त समजतं, तेव्हा थोडं माझ्याकडून ऐक. बॅटरी बारा व्होल्टची. तिचे तू इन्व्हर्टरने दोनशे तीस करतोस. गोड्या पाण्यातून वीज सहजासहजी वाहत नाही. माशाच्या अंगात क्षार जास्त, म्हणून ती माशातून वाट काढते. माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत जेवढं अंतर, तेवढा त्याच्या अंगावर पडणारा व्होल्टेजचा फरक मोठा. म्हणजे सगळ्यात जास्त मार मोठ्या माशाला, आणि मोठा म्हणजे अंड्यावर आलेला. त्याचे स्नायू दोन्ही अंगांनी एकाच वेळी इतक्या जोरात आखडतात की पाठीचा कणा मोडतो आणि कण्यालगत रक्त साकळतं. मासे मोजण्यासाठी शास्त्रज्ञही पाण्यात वीज सोडतात, पण ते परवाना घेऊन, डीसीचे बेताचे ठोके देऊन, आणि मोजून झालेला मासा जिवंत परत सोडतात. इन्व्हर्टरमधून येणाऱ्या एसीने माशाला सर्वांत जास्त इजा होते म्हणून ते एसी टाळतात. तू नेमका तोच वापरतोस, कारण तुला मासा मोजायचा नाही, सोडायचा नाही, आणि धरताही येत नाही. गळाला आमिष कसं लावतात, वाऱ्याची दिशा बघून काठी कुठे टाकतात, मासा नुसता चाखतोय की गिळतोय हे बोटाला कसं कळतं, यातलं तुला काही येत नाही. तुला फक्त बटण दाबता येतं.

आणि धरतोस तेही अर्धवट. वीज लागलेला प्रत्येक मासा वर येत नाही. बरेच तळाला जातात आणि तिथेच कुजतात. तुझ्या जाळीत येतात त्यातले बोटाएवढे तू काठावर फेकून देतोस, कारण बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका सकाळी मला दगडांच्या खाचेत एक वाम दिसली. हातभर लांब, पिवळसर अंगावर तपकिरी नक्षी. जिवंत होती. तोंड उघडमीट करत होती, पण अंग मध्येच कोनात वळलं होतं आणि त्यामागचा भाग हलत नव्हता. वाम दिवसा दगडाखाली, चिखलात दडून बसते, गळाला मुश्किलीने लागते. तिथपर्यंत आमच्यापैकी कोणाचा हात कधी पोहोचला नसता. तुझी वायर पोहोचली.

त्याआधी, पावसाच्या दिवसांत, मरळीचं पाहिलं ते आणखी वाईट. मरळीची पिल्लं लहान असताना लालसर केशरी असतात, नखाएवढी, शेकड्यांनी एकत्र. पाण्यावर केशरी ढग फिरावा तसा तो घोळका फिरतो, आणि हवेत श्वास घ्यायला सगळी मिळून वर आली की पाणी उकळल्यासारखं दिसतं. खाली काळे आई-बाप राखणीला असतात. बेडूक जवळ आला तरी उसळी मारतात, दुसरा मासा आला तर त्याला फाडायला धावतात. पिल्लं जोपासणाऱ्या मरळीवर गळ टाकायचा नाही, हे जुने भोई सांगतात आणि आम्ही ऐकतो. तू आदल्या रात्री त्या दोन्ही मरळी उचलल्यास. सकाळी तो केशरी घोळका काठाजवळ सैरभैर होता आणि चिलापी त्याच्या कडेकडेने पिल्लं गिळत होत्या. दुपारपर्यंत पाण्यावर काही उरलं नाही.

चिलापीचं नाव घेतलं, तर तेही बोलून टाकू, कारण तुझ्या उद्योगाचा शेवट तिथे होणार आहे. हा मासा आफ्रिकेतला. भारतात १९५२मध्ये आणला. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लं घाबरली की परत तोंडात घेते, आणि वर्षातून अनेकदा विते. म्हणून तू कितीही चिलापी मारलीस तरी ती काही महिन्यांत भरून निघते. मरळ, वाम, शिंगटा, कोळस भरून निघत नाहीत. त्यांचा विणीचा काळ पावसाळ्याचा, पिल्लं मोठी व्हायला वेळ लागतो. चिलापीची पिल्लं खाऊन तिला आवरणारी मरळच तू काढून टाकतोस. खाली भीमेवरच्या उजनीत काय झालंय ते भिगवणच्या कुठल्याही मच्छीमाराला विचार. पूर्वी जाळ्यात काय काय यायचं आणि आता काय येतं, हे तो न विचारताही सांगेल. तिथे बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटुकली खरवडली गेली. इथे तू बॅटरीने तेच करतो आहेस, आणि भामा शेवटी त्याच भीमेला मिळते.

पावसाच्या पहिल्या लोंढ्यात चढणीचे मासे ओढ्यांतून वर जातात. तेव्हा तर तू ओढ्याच्या तोंडाशीच उभा असतोस. अंड्यांनी पोट फुगलेला मासा तिथे तुझ्या दोन बांबूंमधून जातो. त्या एका रात्रीत तू पुढच्या वर्षाचे मासे मारतोस. इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीर जोपासला जातो. मादीची अंडी हाताने काढून, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून, मेलेलं अंडं वेचून टाकत त्यांची राखण होते. तिथून ती पिल्लं देशभरच्या नद्यांमध्ये जातात. आणि त्याच सह्याद्रीच्या कुशीतल्या दुसऱ्या नदीवर तू अंडी घालायला निघालेला मासा वाटेत अडवतोस.

तू म्हणशील, पोटासाठी करतो. पोट भोयालाही आहे. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून थंडीत जाळं टाकतो तो. राज्यातल्या बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्था पैसे भरते, मत्स्यबीज विकत आणून सोडते, ते वाढेपर्यंत थांबते. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्या गावांतल्या माणसांनाही हे पाणी काहीतरी परत देऊ शकेल, अशी आशा होती. तू या सगळ्यांच्या ताटातला घास रात्री उचलतोस.

दुसरं तू म्हणशील, कारखाने नद्यांत विष सोडतात, त्यांना सोडून माझ्याच मागे का? रात्री नाल्यात ॲसिड ओतणारा गुन्हेगार आहेच, आणि त्याच्याविरुद्ध आम्ही कामगारांनी बोलायला हवं तेवढं बोललेलो नाही. पण आसखेडात तो नाही. आसखेडात तू आहेस.

कायद्याचा धाक तुला नाही, ते एका अर्थी स्वाभाविक आहे. भारतीय मत्स्य कायदा १८९७चा. पाण्यात स्फोटकं टाकणं आणि विष कालवणं या दोन्हींना त्यात शिक्षा आहे. दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा मूळ कायद्याप्रमाणे दोनशे रुपयांपर्यंत दंड. दोनशे रुपयांत आज दोन लिटर पेट्रोलही येत नाही. विजेचा तर त्या मूळ कायद्यात उल्लेखच नाही, कारण तेव्हा गावात वीज नव्हती. पापलेट कमी होतोय हे पाहून सरकारने २०२३मध्ये त्याला राज्यमासा केलं, समुद्रात लहान मासा धरू नये म्हणून आकाराची मर्यादा घातली. ते योग्यच झालं. धरणातल्या मरळीकडे मात्र अजून कोणी वळून पाहिलेलं नाही.

नियम केला आणि पाळला तर गर्दीचं पाणीही सांभाळता येतं, हे मी उगाच म्हणत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून त्याच्याशेजारी बसतात आणि क्रॅपी नावाचा वीतभर मासा गळाने धरतात. शहराजवळच्या तळ्यांवर आमच्या गुरुवारसारखीच माणसं दाटीने बसलेली असतात. नियम एवढाच की माणशी दहा क्रॅपी. अकरावा लागला तर परत पाण्यात. काही तळ्यांवर तर दहाही नाहीत, त्याहून कमी. म्हणून तिथे पुढच्या हिवाळ्यातही क्रॅपी असतात.

आता शेवटचं, आणि हे तुझ्या जिवाचं आहे. ओल्या अंगाने, पाण्यात उभं राहून, हातात दोनशे तीस व्होल्ट. पाय घसरला, बांबू फुटला, वायरीचं कव्हर सोललं, की जे तू माशाला करतोस तेच तुला होईल. काळजाचा ठोका चुकायला सेकंदभर लागत नाही. शॉपमध्ये शॉक लागून कोसळलेला माणूस मी पाहिला आहे. तो कोरड्या फरशीवर होता आणि मेन स्विच जवळ होता म्हणून वाचला. तुझ्याजवळ रात्री कोणी नसतं. मासे वाचावेत म्हणून मी हे पत्र लिहितो आहे, पण तू मरावंस असं मला वाटत नाही. बॅटरी घरी ठेव.

आणि जे हे पत्र वाचत आहेत त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रात्री पाण्यात बॅटरीवाला दिसला तर त्याला अडवायला पाण्यात उतरू नका. काठावरूनच ११२ला फोन करा, गावच्या पोलीस पाटलाला आणि मच्छीमार संस्थेला कळवा. दुसरं, भोसरीच्या, चाकणच्या बाजारात नदीचा मासा घेताना तो आपल्यासमोर कापून घ्या. कण्याला लागून रक्त साकळून काळं पडलेलं असेल, कणा मध्येच मोडलेला असेल, तर मासा तिथेच ठेवा, पैसे देऊ नका आणि का देत नाही ते विकणाऱ्याला सगळ्यांसमोर सांगा.

भोसरी एमआयडीसीतला एक इलेक्ट्रिशियन