नारळ दिला, तरी दाजी आले

आमच्या दाजींचा जन्म १ जूनचा. म्हणजे गुरुजींच्या मते. वडील पोराला शाळेत घालायला घेऊन गेले, गुरुजींनी जन्मतारीख विचारली, ‘त्या साली पाऊस लई झाला होता’ एवढंच उत्तर मिळालं, आणि सगळ्या पोरांना लावायचे तीच तारीख गुरुजींनी दाजींनाही लावून टाकली. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असला की सरकारी नोकरी आदल्या दिवशीच संपते. त्यामुळे ३१ मे म्हणजे आपल्याकडे हारवाले, शालवाले आणि नारळवाले यांची दिवाळी. राज्य सरकारात साहेबाला ५८ पूर्ण झाली की घरी जावं लागतं, शिपायाला मात्र ६०. फायली उचलणाऱ्याला दोन वर्षं जास्त आणि दाबून ठेवणाऱ्याला दोन वर्षं कमी, हा हिशेब मला अजून कुणी नीट समजावून दिलेला नाही.

तर दाजी निवृत्त झाले. अव्वल कारकून म्हणून. शाल, श्रीफळ, सफारीचं कापड आणि एक भिंतीवरचं घड्याळ. ज्या माणसाला उद्यापासून वेळेशी काही देणंघेणं नाही त्याला घड्याळ द्यायची कल्पना कुणाची, हे शोधायला हवं. भाषणं झाली. कुणाला कामावरून काढलं की आपण ‘नारळ दिला’ म्हणतो आणि निरोप समारंभातही हातात नारळच ठेवतो, यातला अर्थ फक्त आमच्या ताईच्या लक्षात आला. साहेब शेवटी म्हणाले, “कार्यालय तुमचंच आहे. कधीही या.” असल्या वाक्याला जेवढा अर्थ असतो तेवढाच तो होता. दाजींनी त्याला शासन निर्णय मानला.

जून, जुलै, ऑगस्ट ताईनं काढले. कसे काढले ते तिलाच ठाऊक. दाजींनी पहिल्याच आठवड्यात दूधवाल्याच्या वहीला पृष्ठ क्रमांक घातले. वाण्याच्या यादीवर कोपऱ्यात ‘पाहिले’ असा शेरा आणि खाली आखूड सही दिसू लागली. हिंग संपला म्हणून ताईनं सांगितलं, तर मागचा हिंग कधी आणला होता आणि तो इतक्या लवकर कसा संपला, याचा खुलासा मागितला गेला. ऑगस्टअखेर ताईनं मला फोन केला. म्हणाली, “अरे, कुठं काही बघ की रे यांच्यासाठी. पगार नसला तरी चालेल. डबा मी देते.”

मला काही बघावं लागलं नाही. तिकडं कार्यालयात चार नंबरचं कपाट उघडेना. किल्ली होती. पण किल्ली लावून, दार किंचित वर उचलून, गुडघ्यानं दाबायचं ही विद्या तेहतीस वर्षांत दाजींनी कुणाला दिली नव्हती. आतले गठ्ठे तर विचारूच नका. कुठल्या गावचं प्रकरण कुठल्या रंगाच्या फडक्यात बांधलंय, ही नोंद जगात एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे दाजींच्या डोक्यात. लोक भविष्य निर्वाह निधी साठवतात, दाजींनी ज्ञान साठवलं होतं. आता त्यावर व्याज सुरू झालं.

अनंत चतुर्दशीला आपण बाप्पाला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून निरोप दिला. दुसऱ्या दिवशी त्याच वर्षी दाजी आले. अकरा महिन्यांचा करार. मानधनाचं गणितही सुरेख: शेवटचा पगार, त्यातून पेन्शन वजा, उरेल ते हातात. म्हणजे सरकारच्या खिशातून जायचे तेवढेच गेले, फक्त दोन खिशांतून. वर जागा रिक्तची रिक्त.

बसायला मात्र खुर्चीची अडचण झाली. त्यांच्या खुर्चीवर एकाला तात्पुरता कार्यभार दिलेला. हा मुलगा कधीकाळी दाजींच्या हाताखाली आवक-जावक शिकला, आणि जावकच्या जागी आवकचा शिक्का मारल्याबद्दल त्यानं बोलणीही खाल्ली होती. आता तो दाजींना ‘सर’ म्हणतो, दाजी त्याला ‘सर’ म्हणतात, आणि चहावाला कप नेमका कुणापुढं आधी ठेवावा म्हणून दारातच थांबतो. कराराप्रमाणे दाजींना सहीचा अधिकार नाही. त्यावर तोडगा असा निघाला की दाजी टिपणी पेन्सिलीनं लिहितात आणि तो मुलगा त्यावरून पेन फिरवतो. तालुक्याचा कारभार सध्या असा गिरवून चालला आहे.

यात आमचे दाजी एकटे नाहीत. जुलै २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागानं ठरवलं की जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागी निवृत्त शिक्षक घ्यायचे, महिना २०,००० रुपये, वयाची मर्यादा ७०. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये अभियोग्यता परीक्षा देऊन बसलेली पोरं शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून होती. त्यांना कळलं की आपल्या जागेवर आपलेच गुरुजी परत आलेत. गुरुपौर्णिमा त्या साली ३ जुलैला होती, म्हणजे गुरुदक्षिणेचा मुहूर्त चार दिवसांनीच चुकला म्हणायचं.

मोठ्यांचं तर वेगळंच. मंत्रालयात वरचा अधिकारी निवृत्त होतो तेव्हा त्याच्या टेबलावरची पाटी तेवढी बदलते. सचिव जातो, सल्लागार येतो. सल्ला काय द्यायचा हे त्याला ठाऊक असतं, कारण नोकरीत असताना तो त्यानंच फेटाळलेला असतो. आणि राजकारणात? २ मे २०२३ रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये शरद पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडायचं जाहीर केलं, कार्यकर्ते रडले, ५ मे रोजी निर्णय मागे. तीन दिवस. आमच्या दाजींना साडेतीन महिने लागले, कारण त्यांच्यासाठी रडलं कुणी नाही, फक्त कपाट अडलं.

नोव्हेंबरात एक गंमत झाली. पेन्शनवाल्यांनी त्या महिन्यात आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं. दाजी रोज दहाच्या आत हजेरीपटावर सही करतात, पण ती सही ते कामावर असल्याची. हयात असल्याची वेगळी, ती बँकेत जाऊन करायची. मग दाजींनी रीतसर अर्ज लिहिला: ‘हयातीचा दाखला देणेकामी अर्धा दिवस रजा मिळावी.’ खाली पेन्सिलीनं ‘मंजूर करण्यास हरकत नाही’ हेही त्यांनीच लिहिलं. खुर्चीवरच्या मुलानं पेन फिरवलं.

आता भाच्याचं. दाजींचा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. वय ३१. खुल्या वर्गाला ३८ पर्यंत मुभा आहे, त्यामुळे घरात कुणी घाई करत नाही. अभ्यासिकेची फी, मेसचे पैसे, खोलीचं भाडं हे सगळं दाजींच्या त्या वजाबाकीतून उरलेल्या मानधनावर चालतं. जागा भरायच्या की नाहीत हे रिक्त पदांवर ठरतं, आणि जाहिरात कधी येणार हे कुणालाच सांगता येत नाही.

परवा रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. “बाबा, तुमच्या ऑफिसात किती जागा रिक्त दाखवल्यात?”

दाजींसमोर नेमकं तेच विवरणपत्र होतं. दर तिमाहीला वर पाठवायचं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. अव्वल कारकुनाच्या ओळीला शेवटच्या रकान्यात त्यांनी ‘१’ लिहिला. थोडा वेळ त्याच्याकडं बघत बसले. मग खोडरबर घेतलं, ‘०’ केला. मग तोही खोडला. ताई आतून म्हणाली, “ताट वाढलंय.”

“थांब गं,” दाजी म्हणाले, “सकाळी साहेबांना विचारून भरतो,” आणि कागद तसाच, कोरा रकाना वर ठेवून, डब्याच्या पिशवीत घातला.