भोक कुठे पाडावे

ऑफरोड गाडीसाठी बाहेरून घेतलेला लोखंडी बंपर मोठ्या दूरदृष्टीने बनवलेला असतो. त्यात विंचला बैठक असते, डी-शॅकल अडकवायला दोन कान असतात, जॅकला खाच असते, फॉगलॅम्पला गोल भोकं असतात. माझ्या बंपरला तर सोड्याची बाटली उघडायचं ओपनरही आहे. नंबर प्लेटला मात्र जागा नाही. बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गाडी होती ती गुडघाभर चिखलातली, आणि चिखलात हवालदार उभा नसतो. आपली गाडी सिंहगड रोडला उभी असते.

सबब हे मार्गदर्शन.

कायदा आधी समजून घ्यावा, म्हणजे पुढचं सगळं पूर्ण शुद्धीत करता येतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५० सांगतो की पाटी पुढेही हवी आणि मागेही. चारचाकीसाठी माप ५०० बाय १२० मिलिमीटर किंवा ३४० बाय २००. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचं अशोकचक्राचं होलोग्राम. अक्षरांची उंचीसुद्धा ठरलेली आहे, ६५ मिलिमीटर. ४१४१ घेऊन पेंटरकडून ‘दादा’ काढून घ्यायचे दिवस संपले.

आता दुसरं पान उलटावं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तसे फेरफार करू नयेत. आणि याच कलमाचा हवाला देऊन केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं, की बुलबार आणि क्रॅशगार्ड लावणं बेकायदा आहे. कारणंही रास्त आहेत. पायी चालणाऱ्याला लोखंड जास्त लागतं, आणि धडकेचा धक्का भलत्याच वाटेने आत गेला तर एअरबॅगचं गणित चुकतं. थोडक्यात, जी वस्तू गाडीवर असायलाच नको, तिच्यावर आपल्याला अशी वस्तू बसवायची आहे जी गाडीवर असलीच पाहिजे. आणि तीही मिलिमीटरच्या हिशेबाने. अनधिकृत मजला चढवून त्याच्या दारावर घरपट्टीचा बिल्ला सरळ ओळंब्यात ठोकावा, तसं हे काम आहे.

साहित्य: पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा, खडू, पंच, हातोडी, ड्रिल, सहा एमएमचे बोल्ट, मोठे वायसर, नायलॉक नट, दहाचा पाना, आणि ‘मी सांगतो ना’ म्हणणारा एक मित्र. शेवटचा आणावा लागत नाही.

प्रथम पुठ्ठा पाटीच्या मापाचा कापावा आणि बंपरवर वेगवेगळ्या ठिकाणी धरून दहा पावलं मागे जाऊन बघावं. इथे घाई करू नये. मी दोन रविवार बघत होतो. जागा खरं तर चारच आहेत, आणि चारही वाईट आहेत.

पहिली जागा मधोमध. तिथे विंचचा दोर बाहेर येतो. पाटी लावली की विंच झाकला जातो, आणि पस्तीस हजारांच्या बंपरमध्ये बसवलेला विंच लोकांना दिसलाच नाही तर तो बसवला कशाला, हा प्रश्न घरातून येतो. दुसरी जागा बंपरच्या वर, जाळीसमोर. इथे पाटी रेडिएटरच्या वाऱ्यात आडवी येते. पुण्यात कळत नाही, मे महिन्यात वरंध घाट चढताना काटा वर सरकला की कळतं. तिसरी जागा एका बाजूला, शॅकलशेजारी. अल्फा रोमिओच्या गाड्यांना अशी बाजूला सरकलेली पाटी फार शोभते. पण त्यांच्या पाटीशेजारी किलोभराची लोखंडी कडी लोंबत नसते. ती कडी प्रत्येक स्पीडब्रेकरला पाटीवर टोला देते आणि सोसायटीत शिरताना आपण आल्याची वर्दी तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते. चौथी जागा बंपरच्या खाली. नव्या थारचा पुढून चढायचा कोन ४१.८ अंश आहे. तो मिळावा म्हणून अभियंत्यांनी काय काय केलं असेल ते केलं असेल. आपण खाली वीतभर पत्रा लोंबकळत ठेवून तो स्कूटरच्या रॅम्पइतका आणू शकतो. पहिलाच दगड पाटी घेऊन जातो.

इथे मित्र बोलतो. “मॅग्नेट लाव की. भोक नको, काही नको.” बंपर लोखंडाचा आहे हे त्याचं खरं आहे. पाटी अ‍ॅल्युमिनियमची आहे, हे त्याला प्रत्यक्ष चिकटवून बघितल्याशिवाय पटत नाही. त्याला बघू द्यावं. नंतर तो दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सुचवतो; ती बंपरच्या खरखरीत पावडर कोटिंगवर रात्रभर टिकते. मग केबल टाय. केबल टायने बांधलेली पाटी ही पाटी नव्हे, तोरण.

शेवटी सगळे येतात तिथेच यावं: मधोमध, पण बिजागरीवर. विंचच्या दोराच्या तोंडाला जे दोन बोल्ट असतात, त्यांतच बसणारं उघडझाप करणारं ब्रॅकेट मिळतं. रस्त्यावर पाटी खाली, दोर ओढताना पाटी वर. या ब्रॅकेटला एकच दोष आहे, तो म्हणजे आपण. एकदा पाटी वर करायला विसरून विंच चालवला की दोर पाटीच्या धारेवर घासतो, आणि मग नवा दोर आणि नवी पाटी यांतलं महाग काय, हे दुकानात जाऊन कळतं.

माझं पहिलं ब्रॅकेट मी पैसे वाचवायला वेल्डिंगवाल्याकडून पातळ पट्टीचं करून घेतलं. गाडी २०१६ ची, म्हणजे जुनी. तिला होलोग्रामवाली नवी पाटी सक्तीची होती. ३१ मार्च २०२५ ची मुदत सरकत सरकत जूनवर गेली, जूनची ऑगस्टवर, ऑगस्टची नोव्हेंबरवर. पण मी सज्जन, ७४५ रुपये आणि वर जीएसटी भरून जूनमध्येच पाटी बसवली. तिची स्नॅप लॉक एकदा बसली की तोडल्याशिवाय निघत नाहीत. ही गोष्ट खरी आहे, मी पुरावा आहे. ऑगस्टमध्ये मुळशीच्या पुढे एका ओढ्यात गाडी घातली. पाण्यात शिरताना गाडी समोर लाट ढकलते आणि पातळ पत्रा ती छातीवर घेतो. घाबरून रिव्हर्स टाकला की तेच पाणी पाटीला मागून उचकटतं. पलीकडे जाऊन बघतो तर स्नॅप लॉकसकट पाटी आणि पाटीसकट पट्टी गेलेली.

नवी पाटी मागायची तर हरवल्याची पोलिसांकडे नोंद हवी. ठाण्यातल्या हवालदारांनी वही ओढली.

“काय हरवलं?”

“पुढची नंबर प्लेट.”

“कुठं?”

“ओढ्यात.”

“गाडी ओढ्यात काय करत होती?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये अजून कुणाला सापडलेलं नाही. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, विंच पाहिला, शॅकल पाहिले, ओपनरवर जरा थांबले.

“हा बंपर कंपनीचा आहे?”

“नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, परत उचललं. “साहेब, मी फक्त पाटीचं लिहितो.”

तेव्हा, या अनुभवातून सुधारलेली कृती. आधी ब्रॅकेट पक्कं करावं आणि मगच पाटी बसवायची तारीख घ्यावी. उलट केलंत तर तिथला पोरगा ड्रिल हातात घेऊन बंपरकडे बघत राहतो आणि मागे लायनीतली मारुती हॉर्न वाजवते. पाटीच्या पाठीला तिच्याच मापाचा तीन एमएमचा लोखंडी पत्रा द्यावा, मध्ये रबराचे वायसर घालावेत, म्हणजे खडखड थांबते. भोक पाडण्याआधी पंच मारावा, नाहीतर ड्रिल घसरतं आणि पावडर कोटिंगवर सही करून जातं. बिजागरीला पिन ओढून निघणारी घ्यावी. ओढा दिसला की पिन काढून अख्खं ब्रॅकेट पाटीसकट सीटखाली ठेवावं, आणि डांबर दिसलं की पाय पुसायच्या आधी परत लावावं.

आणि गाडीचा मूळ बंपर भंगारवाल्याला देऊ नका. माझा माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलाय. २०३१ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, पासिंगला तोच लावावा लागेल. त्याला पाटीची भोकं कंपनीनेच पाडून दिलेली आहेत.