एनसीबीवाले काका

आमच्या सोसायटीतल्या काकांच्या गाडीला सात पोचे आहेत. डाव्या मागच्या दाराचा २०१९ च्या गणपतीतला, मांडवाच्या टेम्पोचा हूक लागून पडलेला. बंपरची चीर नारायण पेठेतल्या बोळात दुधाच्या गाडीनं काढली. बॉनेटवरचा खळगा नारळाचा आहे. झाड सोसायटीचं, नारळ कमिटीच्या वाट्याचा, पोचा तेवढा काकांचा. बाकीचे चारही असेच कुणाकुणाचे. सगळ्यांची नोंद एका जुन्या सरकारी डायरीत आहे: तारीख, वेळ, स्थळ, अंदाजे खर्च. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शेरा, 'क्लेम नाही'.

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर आपण विमा कंपनीकडे काही मागितलं नाही, की पुढच्या वर्षी आपल्या गाडीच्या नुकसानीपुरत्या हप्त्यात सूट मिळते. एका वर्षानं २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं निभावली की ५०. त्याच्या वर काही नाही. काका कित्येक वर्षं पन्नासवर बसून होते. आधीची गाडी विकली तेव्हा त्यांनी बोनस राखून ठेवल्याचं पत्र कंपनीकडून घेतलं, ते लॅमिनेट केलं आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला जोडलं. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, हे वाक्य आमच्या सोसायटीत लहान मुलांनाही येतं. काकांचा एनसीबी सोवळ्यात असायचा. पोचा दुरुस्त करायला क्लेम लावला तर बोनस विटाळतो, खिशातून केला तर पैसे जातात. म्हणून काकांनी तिसरी वाट काढली. पोचा तसाच ठेवायचा.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. विम्याशी त्यांचा धंद्याचा काही संबंध नाही, कमिशन नाही, एजन्सी नाही. फक्त हौस. कुणाची नवी गाडी आली की पेढा तोंडात टाकायच्या आत ते विचारतात, "सीसी किती?"

माझा भाचा नोकरीसाठी साताऱ्याहून पुण्यात माझ्याकडे राहायला आला आणि २०२४ च्या जानेवारीत त्यानं जुनी स्विफ्ट घेतली. वय तेवीस. बाजारातल्या माणसानं सांगितलं होतं, "इन्शुरन्सचं टेन्शन नाही, अजून दोन महिने चालू आहे." भाचा ते वाक्य आनंदानं काकांना सांगून बसला.

काकांनी पॉलिसी डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचली. "यावर ४५ टक्के बोनस आहे. कुणाचा?"

"गाडीचा," भाचा म्हणाला. मी हळूच जिन्याकडे सरकलो.

पुढच्या पाऊण तासात भाच्याला कळलं की तो बोनस पहिल्या मालकाबरोबर गेला. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करून घ्यावी लागते आणि बोनसचा फरक भरावा लागतो. नाहीतर समोरच्याच्या नुकसानीचं कायदा बघून घेतो, पण आपली गाडी ठोकली तर कंपनी हात वर करते. भाच्यानं फरक भरला. मार्चमध्ये नवी पॉलिसी घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या बोनसच्या रकान्यात शून्य होतं.

"तरुण आहे म्हणून मला महाग पडतंय का?" त्यानं विचारलं. त्याचा मावसभाऊ इंग्लंडात लेस्टरला शिकतो. तिकडे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला गाडीच्या किमतीहून जास्त हप्ता भरायची वेळ येते. तो जरा कमी व्हावा म्हणून पोरं गाडीत एक काळी पेटी बसवून घेतात. कितीला निघालास, वळणावर वेग किती होता, ब्रेक कसा मारलास, सगळं ती पेटी कंपनीला कळवते.

"इथे ते काम मी फुकट करतो," काका म्हणाले. "आणि थर्ड पार्टीचा दर तुझं वय विचारत नाही, इंजिन विचारतो. तो सरकार ठरवतं. १ जून २०२२ चा दर घे. हजार सीसीच्या आत २०९४, हजार ते पंधराशे ३४१६, त्याच्या वर ७८९७. तुझी स्विफ्ट ११९७ सीसीची. ३४१६ अधिक जीएसटी. यात घासाघीस नाही, ब्रह्मदेव आला तरी."

घासाघीस उरलेल्या अर्ध्यात, आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात असते आणि भाच्यानं ती रात्री दोनपर्यंत मोबाइलवर केली. एका ठिकाणी नंबर टाकला, तर दिवाळीपर्यंत सहा वेगवेगळ्या मुली त्याला 'सर' म्हणत होत्या. घरात त्याला कुणी तसं म्हणत नसल्यामुळे पहिला आठवडा त्यानं प्रत्येक फोन घेतला. शेवटी त्यानं इतका स्वस्त कोट काढला की स्वतःच हरखला आणि सकाळी काकांना दाखवायला घेऊन गेला.

काकांनी चष्मा बदलला. "आयडीव्ही, गाडीची विम्यातली किंमत, एवढी खाली का ओढलीस?"

"हप्ता कमी होतो."

"गाडी चोरीला गेली तर पैसेही तेवढेच मिळतात. आणि हे काय, व्हॉलंटरी डिडक्टिबल पंधरा हजार?"

"त्यावर सूट आहे, काका."

"म्हणजे प्रत्येक क्लेमला पहिले पंधरा हजार तुझे. वर सक्तीचे हजार वेगळे. आत्ता खिशात किती आहेत?"

भाच्यानं पाकीट उघडून पाहिलं. नऊशे होते, त्यातले पाचशे माझे.

मग काकांनी आपल्या पोतडीतल्या सवलती बाहेर काढल्या. काही जुन्या दरपत्रकातल्या होत्या. एआरएआयनं मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं तर अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. एआरएआय म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवरची गाड्या तपासणारी संस्था, हे सांगताना काकांचा सूर घरच्या कार्याचं आमंत्रण द्यावं तसा होतो. ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासदत्व असेल तर पाच टक्के, जास्तीत जास्त २०० रुपये. सभासदत्व फुकट मिळत नाही, ही गोष्ट काका त्या वाक्यात घेत नाहीत. गाडी साताऱ्यात नोंदलेली असती तरी बरं झालं असतं, कारण पुणे 'अ' झोनमध्ये येतं आणि सातारा 'ब' मध्ये. भाच्याला गावचा अभिमान वाटावा अशी ही पहिलीच वेळ.

"वडिलांच्या नावावर बोनस असेल की," मी मध्येच म्हणालो. माझ्या मेव्हण्यांनी आयुष्यात क्लेम केलेला नाही.

"पन्नास टक्के आहे," भाचा उजळला. "तो मला मिळेल?"

"मिळतो ना," काका गंभीरपणे म्हणाले. "मालक वारला आणि गाडी मुलाकडे आली, तर बोनसही मुलाकडे येतो."

त्या रविवारी मेव्हण्यांचा फोन आला. भाच्यानं त्यांच्या तब्येतीची नको तितकी चौकशी केली असावी, कारण त्यांनी मला विचारलं, "पुण्यात याची संगत कशी आहे?"

अखेर आयडीव्ही पूर्ववत झाली, डिडक्टिबल गेलं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, घे म्हणून काकांनीच आग्रह धरला, कारण त्याशिवाय प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. स्वतः मात्र त्यांनी झिरो डेप कधी घेतलेलं नाही. क्लेमच करायचा नाही, तर तो नीट मिळण्याची सोय कशाला? हे शास्त्र मला अजून पूर्ण उमगलेलं नाही.

काकांचा खरा धाक पार्किंगवर. आमच्या बेसमेंटच्या पार सर्वात आतल्या कोपऱ्यात, दोन खांबांच्या आडोशाला त्यांची गाडी असायची. तिथे कुणी येत नाही, कुणी वळत नाही, कुणाचा आरसा लागत नाही. कमिटीशी तीन वर्षं भांडून त्यांनी ती जागा मिळवली. भाच्याला बेसमेंटमध्ये जागाच नाही, तो गेटबाहेरच्या चढावर गाडी लावतो. त्यावरून रोज त्याचा उद्धार व्हायचा. "उघड्यावर लावतोस. पहिल्याच वर्षी क्लेम करशील. वीस टक्के हातचे जातील."

२०२४ च्या जुलैत एका रात्री खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि मुठेचं पाणी सिंहगड रस्त्याकडच्या वस्त्यांत शिरलं, तेव्हा आमची सोसायटी झोपेत होती. जागे होते फक्त काका. विसर्ग किती क्युसेक झाला हे निवृत्तीनंतरही झोपायच्या आधी पाहायची त्यांना सवय आहे. पहाटे ते अर्ध्या चड्डीत आणि छत्रीशिवाय प्रत्येक मजल्याची बेल दाबत फिरले. बारा गाड्या वर आल्या. ज्यांच्या चाकांपर्यंत पाणी चढलं होतं, त्यांच्या ड्रायव्हरच्या दाराशी गुडघाभर पाण्यात उभं राहून ते ओरडत होते, "सेल्फ मारू नका! किल्ली फिरवू नका! पाणी इंजिनात गेलं आणि तुम्ही चालू केलीत, तर इंजिनाचे पैसे विसरा!" तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची किल्ली त्यांनी अक्षरशः हिसकावून घेतली. त्या गृहस्थांशी त्यांचं चार वर्षं बोलणं नव्हतं.

सर्वात आतली गाडी अर्थातच सर्वात शेवटी निघणार होती. बेसमेंटचा उतारही नेमका त्याच कोपऱ्याकडे आहे. उजाडलं तेव्हा काकांच्या गाडीच्या सीटपर्यंत गढूळ पाणी होतं आणि डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा कोरडा होता. चढावरची स्विफ्ट पावसानं धुऊन स्वच्छ झाली होती.

चार दिवस काकांनी विषय काढला नाही. पाचव्या दिवशी भाच्यानं त्यांचा मोबाइल घेऊन क्लेमचा नंबर लावून दिला. पॉलिसी क्रमांक काकांनी न पाहता सांगितला, पण आवाज बसला होता.

सर्वेअर आला. तरुण, घाईतला, बुटांना चिखल. त्या दिवसातली त्याची आठवी गाडी असावी. फोटो काढता काढता तो गाडीभोवती फिरला. "दार, बंपर, बॉनेट, हे सगळं पाण्यात आपटूनच झालं ना? धरून टाकतो."

आम्ही सगळे गप्प. भाच्यानं काकांकडे पाहून मान इतक्या जोरात हलवली की कुणालाही कळावं.

"एक मिनिट," म्हणत काका वर गेले आणि डायरी घेऊन खाली आले. "डावं मागचं दार, गणपती, २०१९. यात येत नाही. बंपर, दुधाची गाडी. येत नाही. बॉनेट, नारळ." सातही पोचे त्यांनी तारखांसकट वाचून दाखवले. सर्वेअरचा चहा गार झाला. "यांपैकी कशाचाही क्लेम नव्हता, आजही नाही. तुम्ही फक्त पाण्याचं लिहा."

काकांची पॉलिसी ऑक्टोबरात संपते. नव्या पॉलिसीवर बोनसच्या रकान्यात शून्य आलं. मार्चमध्ये भाच्याचं नूतनीकरण झालं. त्या संध्याकाळी काका गेटपाशी, चढावरच्या स्विफ्टला टेकून उभे होते. त्यांच्या गाडीसाठीही कमिटीकडे बाहेरची जागा मागून झाली होती.

"किती झाला?" त्यांनी विचारलं.

"वीस," भाचा ओशाळून म्हणाला.

काकांनी स्विफ्टच्या मागच्या दारावरून अंगठा फिरवला. कुठे पोचा नव्हता. "मग इथून जरा पुढे लाव," ते म्हणाले. "माझी पाठीमागे राहील. मी नवीन आहे."