दुर्बिणदार

वऱ्हाडातले इजारदार गेले, वतनदार गेले, देशमुखांच्या वाड्यांतल्या खुंटीवरच्या बंदुकांना गंज चढला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार नावाच्या राजमान्य व्यसनाचा दफ्तरी निकाल लागला. तरीही चार माणसांच्या बैठकीत नेम, पल्ला आणि वाऱ्याचा रोख यांवर अधिकारवाणीने बोलणारा एक गृहस्थवर्ग यवतमाळ जिल्ह्यात अद्याप सुखाने नांदत असून, त्यातल्या बहुतेकांनी जन्मात ससाही मारलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या अधिकारास यत्किंचितही बाधक होत नाही. या वर्गातला मनुष्य बंदूक चालवीत नाही. बंदुकीवर बसवावयाची दुर्बीण तो निवडीत असतो. ही निवड वर्षानुवर्षे चालते, तिला हंगाम नाही, तिच्यावर कोणत्याही कायद्याची बंदी नाही, आणि तिच्यात कोणताही प्राणी दगावत नाही. अशा पुरुषास मी दुर्बिणदार म्हणतो.

माझ्या परिचयाचे दुर्बिणदार भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले. घर यवतमाळात, शेत घाटंजी तालुक्यात जंगलाच्या कडेला, क्षेत्र चार हेक्टर, पीक कपाशी आणि तूर. वडिलांच्या पश्चात .३१५ बोअरची एक ईशापुरी रायफल पीकसंरक्षणाच्या परवान्यासह वारसाहक्काने त्यांच्याकडे आली, आणि तिच्या फेरफाराची नोंद जेवढ्या काटेकोरपणे त्यांनी करून घेतली तेवढी शेताचीही करून घेतली नसेल. या रायफलीच्या मूळ बनावटीत दुर्बीण बसविण्याची सोय नसते, त्यासाठी कारागिराकडून पट्टी बसवून घ्यावी लागते, हे तुम्ही त्यांच्या निदर्शनास आणलेत, तर ते मंद स्मित करून म्हणतात, ‘‘पट्टीचा प्रश्न गौण आहे. आधी काच ठरू द्या.’’

उजव्या भुवईवर त्यांच्या एक अर्धचंद्राकृती व्रण आहे. दुसऱ्या एका परवानाधारक स्नेह्याच्या दुर्बिणीतून, अधिकृत मैदानावर, एकदाच गोळी झाडताना ते फार पुढे वाकले होते. डोळा आणि मागची काच यांत साधारण नऊ सेंटिमीटरांचे अंतर राखावयाचे असते; ते न राखणाऱ्याच्या भुवईवर धक्क्यासरशी मागे आलेली दुर्बीण आपली मोहर उठविते, आणि ही मोहर टेक्सासपासून टायरोलपर्यंतच्या नेमबाजांमध्ये सारखीच ओळखली जाते. दुर्बिणदार हा व्रण स्वातंत्र्यसैनिकाच्या ताम्रपटाइतक्या अभिमानाने दाखवितात, आणि दाखविताना नऊ सेंटिमीटर हा आकडा सांगण्यास विसरत नाहीत.

काचेचे हे वेड त्यांना खात्यातूनच जडले असावे. ज्याने उमेदीची वर्षे थिओडोलाइटच्या तारांच्या फुलीतून बांधाच्या खुणा न्याहाळल्या, त्यास फुलीवाचूनचे जग ओकेबोके वाटू लागते. त्यांचे दैवत म्हणजे कर्नल विल्यम लॅम्टन. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक मद्रासेकडून रेखांशाच्या कमानीची मोजणी करीत उत्तरेस येत असता जानेवारी १८२३ मध्ये वर्धा नदीपलीकडे हिंगणघाटास वारला, आणि त्याची कबर तेथेच आहे. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता, १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना तो दोर तुटून भिंतीवर आदळला, आणि लॅम्टनने तो आपल्या हातांनी दुरुस्त केला, ही हकीकत दुर्बिणदार अशा गहिवराने सांगतात की, ऐकणाऱ्यास तो अपघात मागल्या पोळ्याला झाला असे वाटावे. मग आवाज खाली आणून विचारतात, ‘‘आणि आजचे लोक म्हणतात, सातशे ग्रॅमची दुर्बीण जड होते!’’

खरा पेच आहे तो दुर्बिणीतल्या तारांच्या जाळीचा, म्हणजे रेटिकलचा. कोणे एके काळी या तारा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याच्या असत. आता त्या काचेवर कोरलेल्या असतात, आणि त्यांचे प्रकार इतके आहेत की, त्यांच्यापुढे आमच्या जिल्ह्यातील कपाशीच्या बियाण्यांची जाहिरात संयत वाटेल. साधी फुली आहे, जाड दांड्यांची जर्मन चौथ्या क्रमांकाची आहे, ठिपक्यांची मिल-डॉट आहे, आणि खाली उतरत जाणाऱ्या फांद्यांची, नाताळच्या झाडासारखी दिसणारी आहे. दुर्बिणदारांचा जीव गुंतला तो मिलमध्ये. एक मिल म्हणजे शंभर मीटरांवर दहा सेंटिमीटर, हजार मीटरांवर एक मीटर. तेव्हा लक्ष्याची उंची ठाऊक असेल, तर ते किती मिल भरते यावरून अंतर काढता येते. खात्यातही दुर्बिणीतल्या वरच्या-खालच्या दोन तारांमध्ये स्टाफचा जेवढा भाग दिसे त्याच्या शंभरपट अंतर धरीत, म्हणून ही विद्या त्यांना घरचीच वाटली. फरक एवढाच की, रोही हातात स्टाफ धरून उभा राहात नाही.

रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, नर खांद्याशी १.२ ते १.५ मीटर भरतो. तो जाळीत चार मिल दिसला, तर पहिल्या हिशेबाने अंतर तीनशे मीटर आणि दुसऱ्या हिशेबाने पावणेचारशे, आणि .३१५ ची जड, मंदगती गोळी शंभर मीटरांवर जुळविली, तर तीनशेपर्यंत जातानाच मीटरभराहून अधिक खाली येते, तेव्हा पाऊणशे मीटरांची चूक म्हणजे गोळी रोह्याच्या पायांखालून मातीत. ही गफलत टाळावी या हेतूने, घाटंजी तालुक्यातल्या रोह्यांची सरासरी उंची निश्चित करण्याचे दुर्बिणदारांनी मनावर घेतले. रोही हाती लागण्याजोगा नसल्यामुळे प्रथम त्यांनी शेजाऱ्याच्या गोठ्यातली म्हैस भिंतीशी उभी करून तिच्या खांद्याला टेप लावला, की जेणेकरून म्हशीजवळून रोही कधी गेला तर तुलनेने उंची निघावी. सालदाराने शेपटीकडचे टोक धरले होते. म्हशीने एकदा मान वळवून टेपाचे पितळी टोक शांतपणे तोंडात घेतले, आणि मोजणी तहकूब झाली. शेताच्या चारही बाजूंची लांबी ज्यांनी स्वतः खात्याच्या नकाशावर सेंटिमीटरपर्यंत नोंदविली आहे, आणि कडुनिंबापासून विहिरीपर्यंत किती मीटर हे झोपेतून उठवून विचारले तरी जे सांगतील, त्यांनी अंतर काढण्यासाठी रोह्याच्या खांद्यावर विसंबावे यातली असंगती मी एकदा नम्रपणे सुचविली. ‘‘नकाशा महसुलासाठी असतो,’’ ते म्हणाले, ‘‘नेमासाठी नव्हे.’’

त्या नकाशानेच वस्तुतः सर्व वाद मिटावयास हवा होता. चार हेक्टरांचे चौकोनी शेत म्हणजे बाजू दोनशे मीटर. कर्ण काढला तरी पावणेतीनशे-तीनशेच्या आत. हजार मीटरांच्या पल्ल्याची दुर्बीण घेऊन दुर्बिणदारांनी धुऱ्यावरून नेम धरला, तर गोळी आपले शेत ओलांडून दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या, आणि शेवटी सरकारी राखीव जंगलाच्या हद्दीत शिरेल, म्हणजे एकाच गोळीचे तीन-चार सातबारे निघतील. शिवाय रोही येतात ते दिवेलागणीनंतर, आणि मार्गशीर्षात तूर पुरुषभर उंच असते. तीत रोही दहा पावलांवर असला तरी हलणाऱ्या शेंड्यांवरूनच ओळखावयाचा. अशा वेळी पंचवीस पटींच्या दुर्बिणीची काय अवस्था होते हे प्रकाशशास्त्राने केव्हाच सांगून ठेवले आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासास पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. छपन्न मिलिमीटरांच्या भिंगास पंचविसांनी भागा, सव्वादोन मिलिमीटर. बेचाळिसांस सहांनी भागा, सात. अंधारात तरुणाची बाहुली सातापर्यंत उघडते, साठीच्या माणसाची पाचाच्या आसपास. म्हणजे जी दुर्बीण स्वस्त, हलकी आणि जुन्या चालीची, तीच संध्याकाळी उजेड देते. आणि जी तोळ्या-तोळ्यांच्या हिशेबाने मिळते ती, ऐन रोह्यांच्या वेळी, काळोखाचे पंचवीस पट वर्धन करून दाखविते. दुर्बिणदारांस हे गणित माझ्याहून चांगले येते. त्यांनीच ते मला शिकविले, आणि ताबडतोब पंचवीस पटींच्या दुर्बिणीचे माहितीपत्रक पुढे सरकविले.

जाळी पहिल्या प्रतलात असावी की दुसऱ्या, हा त्यांच्या संसारातला सर्वांत जुना वाद आहे. पहिल्या प्रतलातली जाळी पट वाढविली की चित्राबरोबर मोठी होते, त्यामुळे मिलचे माप प्रत्येक पटीवर खरे ठरते, परंतु पट कमी केली की तारा दिसेनाशा बारीक होतात. दुसऱ्या प्रतलातली जाळी सदैव सारख्याच जाडीची दिसते, पण तिचे माप एकाच ठरलेल्या पटीवर खरे. समंजस मनुष्य एक पक्ष घेऊन मोकळा होईल. दुर्बिणदार सम महिन्यांत पहिल्या प्रतलाचे आणि विषम महिन्यांत दुसऱ्या प्रतलाचे असतात, आणि दोन्ही पक्षांची टिपणे मोजणीच्या जुन्या फील्डबुकात, समोरासमोरच्या पानांवर, तांबड्या-निळ्या शाईत व्यवस्थित लिहिलेली आहेत. एकदा जेवताना त्यांच्या तोंडून ‘स्वारोव्स्की’ हे नाव गेले. टायरोलमधल्या त्या घराण्याचे मणी-हार जगप्रसिद्ध असल्यामुळे वाढणाऱ्या हातात वाटी क्षणभर थांबली, चेहरा उजळला, आणि दुर्बिणदारांनी, ‘‘त्यांचा दुर्बिणींचा कारखाना निराळा, १९४९ पासूनचा,’’ असा खुलासा करताच वाटी खाली आली. ‘‘अहो,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘तेवढ्या पैशांत सगळ्या शेताला तारेचं कुंपण होईल.’’ दुर्बिणदारांनी तार जाळीतलीच समजून, ‘‘तारा नव्हेत, आता कोरीव काम असतं,’’ असे उत्तर दिले.

निवडणुका लागल्या की हा सर्व व्यवहार अधिकच विशुद्ध होतो, कारण आचारसंहितेच्या काळात परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. रायफल ठाण्यात, काडतुसांचा हिशेब ठाण्यात, आणि रोही, ज्यांस आचारसंहिता लागू नाही, शेतात. एकदा अशाच दिवसांत सुटी दुर्बीण डोळ्यास लावून ते धुऱ्यावर बसले होते. ती कोणा स्नेह्याने पाहावयास दिलेली, आणि तिच्या काचेवर दव धरले होते. हरणकातड्याच्या तुकड्याने, मध्यापासून कडेकडे, गोलाकार, जसे पुसावयाचे असते तसे ते पुसत असता मागून सालदार पिपा खाली ठेवून म्हणाला, ‘‘मालक, रोही तं खाऊन गेले बी. तुमी काच काहून पुसून राह्यले आता?’’

एका विषयावर मात्र हे गृहस्थ विनोद सहन करीत नाहीत, आणि मीही करीत नाही. २०१८ च्या त्या पावसाळ्यात पांढरकवडा-राळेगावकडच्या गावांत लोक सूर्यास्तापूर्वी घरात शिरत होते. ज्या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता तिच्या शोधासाठी हत्ती आले, ड्रोन आले, पॅराग्लायडर आले, परदेशी जातीचे कुत्रे आले, अत्तरदेखील शिंपडून झाले. आणि अखेर २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या परिसरात, हाकेच्याही आतल्या अंतरावरून, गोळी सुटली. ती तशी सुटावी की न सुटावी यावर पुढे पुष्कळ कागद काळे झाले. दुर्बिणदारांचे नातलग त्या भागात कपाशी वेचीत. त्या महिन्यांत त्यांनी एकही माहितीपत्रक उघडले नाही, आणि विचारले तर एवढेच म्हणत की, रानात शंभर मीटरांवरचे दिसतेच कुठे!

पुढे फील्डबुक पुन्हा उघडले, हे सांगणे न लगे. जिम कॉर्बेटची .२७५ ची रिग्बी उघड्या माशीचीच होती, हे त्यांस मान्य आहे. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटरांच्या रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, त्या खेळात रायफलीवर वर्धक दुर्बीण लावण्यास नियमानेच मनाई आहे, हेही त्यांस ठाऊक आहे. ‘‘दुर्बीण असती तर सुवर्ण होतं,’’ असे ते म्हणतात, आणि बाकीच्या सर्वांनाही ती मिळाली असती याचा विचार करण्याची तसदी घेत नाहीत.

माझे मत कोणी विचारील, तर जंगलाच्या कडेला शेत असलेल्या, साठी उलटलेल्या आणि वनखात्याची रीतसर परवानगी हाती नसलेल्या माणसास दुर्बिणीची मुळीच आवश्यकता नाही. आणि परवानगी मिळालीच, तर सहा पटींची, बेचाळीस मिलिमीटरांची, जाड दांड्यांच्या साध्या फुलीची दुर्बीण पुरून उरेल. हे मत मी त्यांच्या कानी घातले. त्यांनी ते ‘इतर सूचना’ या सदराखाली, तारखेसह नोंदवून घेतले. दरम्यान वहिनींनी सालदाराकरवी शेताला सौर झटका मशीन बसवून घेतली असून, यंदा तुरीचे पोते पहिल्यांदाच यवतमाळच्या बाजारात गेले. दुर्बिणीची निवड चालू आहे. वाचकांपैकी कोणाचे जमिनीच्या जुन्या मोजणीच्या कामाने त्यांच्याकडे जाणे झाले, तर काम निःसंशय चोख होईल, फक्त पहिल्या प्रतलाचा विषय आपण होऊन काढू नये, एवढीच विनंती.