कुठी चालले, काकाजी?

फ्रान्समध्ये लोक पैसे भरून पायी हिंडतात. गाडी परवडत नाही म्हणून नव्हे. गाडी घरी उभी करून, रजा टाकून, एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात आठवडाभर चालत जातात आणि त्याला सुटी म्हणतात. माझा भाचा नोकरीसाठी ल्योंला असतो. त्यानं बायकोसह अशी सुटी घालवली आणि नंतर फोनवर तासभर तिचं वर्णन ऐकवलं. कंपनी एक नकाशा देते आणि एक वही. वहीत 'दगडी क्रूसापाशी डावीकडे वळा, अक्रोडाच्या बागेच्या कडेकडेनं चाला' असं सगळं लिहून ठेवलेलं. वाटाड्या नाही, शिट्टी वाजवणारा गटप्रमुख नाही. सकाळी बॅग खोलीच्या दाराशी ठेवायची, ती गाडीनं पुढच्या मुक्कामी जाते. आपण पाण्याची बाटली, पाव आणि चीज घेऊन मोकळे.

"वाटेत माणसं भेटत नाहीत?" मी विचारलं.

"भेटतात ना. 'बोंजूर' म्हणतात आणि पुढं जातात."

"कुठले, कुठं चालले, काही विचारत नाहीत?"

"कशाला विचारतील, मामा?"

हे मला खोटंच वाटलं. पण भाचा तसा सज्जन आहे.

या चालण्याची तिकडं चोख व्यवस्था आहे. १९४७ साली, म्हणजे आपण इंग्रजांना बोळवत होतो त्याच वर्षी, फ्रेंच लोक वाटेवरच्या झाडांवर आणि दगडांवर रंगाचे पट्टे मारायला लागले. वर पांढरा, खाली तांबडा पट्टा दिसला की वाट बरोबर. दोन रंगांची फुली दिसली की वाट चुकली, मागं फिरा. 'जीआर' म्हणतात त्या वाटांचं जाळं आज ६०,००० किलोमीटरांच्या वर गेलं आहे आणि पट्टे रंगवायचं काम स्वयंसेवक फुकट करतात. आपल्याकडेही रस्त्याकडेच्या झाडांना पांढरा आणि गेरूचा पट्टा असतोच. त्यावरून वाट कळत नाही. एवढंच कळतं, की हे झाड अजून तोडलेलं नाही.

मी बुलढाण्याचा. बुलढाणा घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्याशी. रोहिणखेड घाटाखाली, डोंगराच्या अगदी पायथ्याला, मोताळा तालुक्यात. आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली चौकशी हीच: घाटावरचा की घाटाखालचा? लग्नाची बोलणी त्यानंतर. रोहिणखेडला माझा मावसभाऊ शेती करतो. म्हटलं, फ्रान्स राहू दे. भावाकडे उतरायचं आणि तिथून आपली आपण पायी सहल काढायची. धामणगाव बढेपर्यंत जायचं, पुढं लहर लागेल तसं हिंडायचं, शेवटी मोताळ्याला येऊन एसटी धरायची. जानेवारी महिना, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, तूर सोंगून पडलेली, हरभरा घाट्यांवर आलेला. अक्रोडाच्या बागेची काय गरज?

भाऊ म्हणाला, "कशासाठी?"

"चालायला."

"ते समजलं. पण कशासाठी?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. रोहिणखेडला आजवर जे जे लांबून आले, त्यांच्याजवळ भक्कम कारण होतं. बुऱ्हाणपूरकडून दख्खनमध्ये चढायचं तर या घाटाशी गाठ पडायची. १४३७ च्या सुमारास खानदेशचा नासीर खान फारुकी इथवर आला तो लेकीसाठी. लेक बहमनी सुलतान अलाउद्दीनला दिलेली. जावयानं संगमेश्वरच्या राजाची मुलगी करून आणली आणि पहिलीकडे पाठ फिरवली. लेकीनं माहेरी कळवलं. आपल्याकडे अशा वेळी चार मामे-काके बैठकीला जातात. तिनं बापाची फौज आणवली. बहमनी सरदार खलफ हसन यानं रोहिणखेडला त्या फौजेची दाणादाण उडवली, सासरेबुवांना बुऱ्हाणपूरच्या वाटेला लावलं, आणि लेकीचं गाऱ्हाणं होतं तिथंच राहिलं. पुढं १५९१ साली बुऱ्हाण निजामशहा आला तो पोटच्या पोराची गादी घ्यायला. कोवळ्या इस्माईलला तख्तावर बसवून अहमदनगरचा कारभार जमाल खान हाकत होता. बुऱ्हाणनं खानदेशच्या राजा अली खानाची कुमक आणली, जमाल खान इथल्या लढाईत पडला, आणि बापानं मुलाला उतरवून स्वतः बसून घेतलं. म्हणजे रोहिणखेडच्या दोन्ही गाजलेल्या लढाया मुळात घरगुतीच. एक सासरा-जावयाची, दुसरी बापलेकाची. अशा गावात 'सहज आलो' म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

गावात खुदावंद खान महदवीनं १५८२ साली बांधलेली दगडी मशीद आहे. ती निवांत पाहिली आणि तिथून पहिलं पाऊल उचललं. पाठीवर पिशवी, पिशवीत वही, खिशात नकाशा. वहीत भाच्याच्या पद्धतीनं वाट लिहून घ्यावी म्हणून भावाला आदल्या रात्री विचारलं होतं. त्यानं सांगितलेली वाट अशी: "गावाबाहेर निघाले की डीपी लागंल. डीपी सोडून द्या. मंग एक लिंब होता, तो वादळात पडला, तिथून वळा." पडलेल्या झाडापासून वळण्याची सोय फ्रेंचांच्या वहीत नसावी.

डीपी सोडला नाही तोच पहिली मोटारसायकल थांबली.

"कुठी चालले, काकाजी?"

"धामणगावले."

"बसा मांगं."

"नको, पायीच जायचंय."

"काहून? मी पैसे थोडीच घेऊन राहिलो!"

त्याची समजूत घालण्यात पाच मिनिटं गेली. तो गेला तो दुखावलेल्या चेहऱ्यानं. दुसरी गाडी आली. तिच्यावर आधीच तिघं होते, पण जागा करायची तयारी तिघांचीही होती. तिसऱ्यानं थेट निदान केलं: "शुगर हाये का? डाक्टरनं चालाले सांगतलं?" मी नाही म्हणालो, तर तो आवाज उतरवून म्हणाला, "मंग घरी काही झालं का?" गाडी बिघडली, साखर वाढली किंवा बायकोशी बिनसलं, या तीन कारणांपलीकडे घाटाखाली माणूस पायी निघत नाही. फ्रान्समध्ये 'बोंजूर' म्हणून जाणारी माणसं सभ्य असतीलही. पण त्या वाटेवर एखाद्याच्या घरी खरंच काही झालेलं असेल, तर त्यानं ते सांगायचं कोणाला?

नकाशा काढला तो तर घोडचूकच. कापूस वेचणाऱ्या बायांनी कपाळाला हात लावून पाहिलं, बांधावरून एक शेतकरी लगबगीनं आला.

"मोजणी हाये का?"

"नाही हो. फिरायला आलोय."

"रस्ता चालला का इथून? का रेल्वे?"

आमच्या जिल्ह्यात खामगाव ते जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांपासून चालू आहे. हातात कागद असलेला माणूस दिसला की लोकांच्या मनात आशा आणि धास्ती एकदमच जागी होते. ती रेल्वे झालीच तर घाटावरून जायची, रोहिणखेडच्या वाट्याला शिट्टीसुद्धा येणार नाही, हे मी नकाशा उलगडून दाखवलं. त्यावर तो म्हणाला, "म्हंजे तुमाले सारं मालूम हाये." मी खात्याचाच माणूस, यावर आता शिक्कामोर्तब झालं. त्यानं हरभऱ्याचे टहाळे उपटून हातात दिले आणि विहीर मोजणीत धरायला सांगितली.

विचार करता करता लक्षात आलं, की वाटाड्याशिवाय, गटाशिवाय, कोणाच्याही परवानगीशिवाय असली सहल आमच्या जिल्ह्यात खऱ्या अर्थानं एकानंच केली आहे, आणि तो वाघ होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर. २०१९ साली तो निघाला, तेलंगणात डोकावून आला, पैनगंगेच्या जंगलातून, शेतांतून, हमरस्ते ओलांडत, गावांना वळसे घालत १३०० किलोमीटरांहून जास्त चालला आणि त्या वर्षाअखेरीस बुलढाणा-खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हिशेब लागला. वन्यजीववाल्यांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. जाणकार म्हणतात, त्यालाही कारण होतंच: हद्द शोधायची, शिकार शोधायची, जमलं तर जोडीदारीण. पण एवढ्या चालीत 'बसा मांगं' म्हणून एकही मोटारसायकल त्याच्यापाशी थांबली नसणार. तो बहुतेक रात्रीच चालायचा, तेही मला आता पटलं.

सामानाची गोष्ट मात्र फ्रान्सहून सरस निघाली. भावाच्या ओळखीचा एक पोरगा गाडी हळू करून माझ्या शेजारी आला आणि म्हणाला, "तुमी नाही बसत तं नका बसू, पिशवी तं द्या!" मी विचार करेपर्यंत पिशवी त्याच्या टाकीवर होती. कुठं ठेवशील, विचारलं, तर 'कळंलच तुमाले' म्हणून धुरळा उडवत गेला. पिशवीत पाणी होतं, स्वेटर होता आणि ती वहीही. भाच्यानं याच सेवेसाठी युरो मोजले होते.

सामानाचा प्रश्न फ्रान्समध्ये तरी कुठं सहज सुटला होता? रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन नावाचा स्कॉटिश लेखक १८७८ च्या सप्टेंबरात तिथल्या सेव्हेन डोंगरांतून पायी निघाला. बोजा न्यायला त्यानं मोदेस्तीन नावाची गाढवीण घेतली, ६५ फ्रँक आणि वर ग्लासभर ब्रँडी देऊन. ती तिच्याच चालीनं चालायची. बारा दिवस तिची मनधरणी करून त्यानं शेवटी तिला विकलं आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं. आज ती वाट 'जीआर ७०' आहे आणि हौशी लोक गाढव भाड्यानं घेऊन तीवरून चालतात. घाटाखाली कोणी गाढव घेऊन हौसेनं चालला, तर त्याच्याबद्दल काय बोललं जाईल, ते मी इथं लिहीत नाही.

पण त्याच १८७८ सालच्या फेब्रुवारीत आमच्याकडे शेगावला गजानन महाराज प्रकट झाले होते, आणि पायी चालायचं मान्यताप्राप्त कारण वऱ्हाडाला कायमचं मिळालं होतं. पंढरीची वारी होतीच. आता माणसं शेगावलाही चालत निघू लागली. महाराजांची पालखी दर आषाढीला शेगावहून महिनाभर चालत पंढरपूरला जाते, आणि परतीच्या शेवटच्या दिवशी खामगाव ते शेगाव रस्त्यावर एवढी माणसं चालतात, की गाड्यांनाच वाट मागावी लागते. चालण्याचं आम्हाला वावडं नाही. नुसतं चालण्याचं आहे.

माझा निकाल पुढच्या वस्तीवर लागला, तोही माझ्या गैरहजेरीत. पिशवीवाला पोरगा पुढं जाऊन सांगून बसला होता, की मागून एक काका येऊन राहिले, पायी, गाडीवर बसत नाहीत. गाडीवर बसत नाहीत म्हणजे नवस. नवस म्हणजे शेगाव. मी पोचलो तर टपरीसमोर खाट टाकलेली, तांब्याभर पाणी तयार, पिशवी खाटेवर देवासारखी बसवलेली.

"जय गजानन, माउली! बसा."

सकाळपासून मी काकाजी होतो, संशयित होतो, मोजणीवाला होतो. आता एकदम माउली. चहा आला, केळी आली, एका आजीनं पाया पडायला वाकायला सुरुवात केली तेव्हा मी घाईनं उठून त्यांच्याच पाया पडलो. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात आजींनाच शंका आली.

"पन शेगाव तं तिकडं ऱ्हायलं," त्या उगवतीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "हे तं मावळतीकडं चालले!"

टपरीवर शांतता पसरली. मला वाटलं, संपलं. पण माझी बाजू टपरीवाल्यानं घेतली. "ते मोठ्या फेऱ्यानं चालले, आजी. नवसच तसा हाये." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. चहाचे पैसे कोणी घेतले नाहीत.

त्यानंतर कोणी गाडी थांबवली नाही, कोणी साखर विचारली नाही. पिशवी प्रत्येक वस्तीवर माझ्याआधी पोचत राहिली. बांधावरून हात जोडले जात होते. धामणगावात एका घरी जेवायला बसवलं: वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि वर 'अजून घ्या, लांब जायचं हाये' असा आग्रह. भाच्याच्या सुटीत अशी पंगत कुठल्याच मुक्कामी नव्हती. तिकडं म्हणे दुपारी बारा ते दोन गावंच्या गावं बंद असतात आणि उशीर झाला तर चीजवर भागवावं लागतं.

मोताळ्याला मी एसटी धरली आणि पुढच्याच आठवड्यात शेगावला जाऊन आलो, गाडीनं. एवढ्या लोकांनी माझ्या नावानं नवस कबूल केलेला; तो फेडायला नको?

तुम्हालाही रोहिणखेडला चालायला यायचं असेल, तर दिवाळीनंतर या. उन्हाळ्यात इथं फौजांचेही हाल झाले आहेत. नकाशा घरी ठेवा. कारण मात्र एखादं घेऊन या, नाही तर गाव तुम्हाला देईल आणि ते तुमच्यापेक्षा लवकर पुढच्या गावी पोचेल. पिशवीची काळजी करू नका. आणि चहात साखर कमी हवी असेल तर पहिल्याच टपरीवर सांगून टाका. पुढच्या गावांना निरोप आपोआप जातो.