हलू नको, बड्डे!

रांझीला जातोय असं मुंबईत सांगितलं की दहातले नऊ जण "झारखंडात काय काढलंस मधेच?" असं विचारतात आणि दहावा धोनीचं घर बघून यायला बजावतो. ती रांची. आमची रांझी जबलपूरला. एका अंगाला खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, दुसऱ्या अंगाला व्हेइकल फॅक्टरी, आणि मधे बाजार, शाळा, देवळं, सायकलींची दुकानं. पर्यटकांसाठी जबलपूरने भेडाघाट ठेवलाय, धुवांधार धबधबा ठेवलाय, संगमरवरी कडे ठेवलेत. पण ते सगळं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रांझीत बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलंच तर आम्ही रांझीकर विषय बदलतो.

मराठी माणूस तिथे कसा, हाही प्रश्न ठरलेला. तर १८१७ पर्यंत तिथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ पर्यंत नागपूर-जबलपूर एकाच राज्यात होतं. राज्यं वेगळी झाली तरी माणसं राहिली. त्यात फॅक्टऱ्यांनी बंगाली, मल्याळी, पंजाबी, तेलुगू अशी सगळी भर घातली. एका रांगेतल्या क्वार्टरांत सात भाषांत भांडणं ऐकू यायची आणि समजूत मात्र हिंदीत निघायची. आमची मराठी नागपूरच्याही दोन स्टेशनं पलीकडची. "तू काय करून राहिला बे?" हे आमचं प्रमाण वाक्य आणि ज्याच्याबद्दल आदर किंवा संशय आहे, तो "बड्डे".

अशा या गावी १९७९ च्या हायर सेकंडरीच्या वर्गाचा मेळावा ठरला.

मुंबईहून जबलपूरला जायला महानगरी एक्सप्रेस सोयीची. फक्त ती मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे तिकिटावर पाच तारीख असेल तर चार तारखेचं रात्रीचं जेवण आटोपून घर सोडायचं. स्टेशनावरचा कुठलाही हमाल हे झोपेत सांगेल. पण आमच्या वर्गात गणितात कायम पहिला येणारा, पुढे बँकेत मोठ्या हुद्द्यावर चढलेला गृहस्थ पाच तारखेला रात्री अकराला, उशीबिशी फुगवून, फलाटावर हजर झाला. गाडी तोवर जबलपूर मागे टाकून उत्तर प्रदेशाच्या वाटेला लागली होती. तो दुसऱ्या दिवशी विमानाने डुमना विमानतळावर उतरला आणि तिथून थेट मांडवात आला. त्याचं स्वागत टाळ्यांच्या इतक्या कडकडाटात झालं, की त्याला वाटलं आपण प्रमुख पाहुणे आहोत.

दारात प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी अडकवत होते. ही कल्पना आमच्या मॉनिटरची. शिस्तीचा किडा अजून गेलेला नाही. पट्टी छान, अक्षरंही ठळक; पण ज्याने वाचायची त्याचा चष्मा पिशवीत, पिशवी बायकोजवळ, आणि बायको भावजयीकडे सदरला. चाळिशी लागलेला माणूस वाचायला मागे सरकतो, कमी ऐकू येणारा पुढे सरकतो आणि दोन्ही असलेला जागच्या जागी झुलतो. सुरुवातीचा अर्धा तास सगळा मांडव झुलत होता.

खऱ्या ओळखी पट्टीमुळे पटल्याच नाहीत. सोनेरी काडीचा चष्मा लावलेले, पूर्ण टकलाचे एक गृहस्थ कोपऱ्यात उभे राहून मंगोडे खात होते. मुगाचा तो गरम मंगोडा त्यांनी दोन बोटांनी फोडला, आतला मिरचीचा तुकडा नखाने अलगद उचलला, शेजाऱ्याच्या द्रोणात सोडला आणि जणू आकाशात काही पाहायचं राहून गेलंय अशा चेहऱ्याने वर पाहिलं. मी तिथूनच ओरडलो, "गोली!" आमच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. चेहरा, केस, कंबर, सगळं बदललेलं. मिरचीचं राजकारण तेवढं शाबूत. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, पण काढणार काय? फोटोत एक टक्कल आणि एक द्रोण आला असता.

फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं ते कलेमुळे नव्हे, माझ्याजवळ तिपाई आहे म्हणून. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ८५ मिलिमीटरची लेन्सही होती. ही लेन्स चेहऱ्याला फार चांगली, असं जाणकार म्हणतात. चांगली म्हणजे इमानदार. मॉनिटरच्या मिशा कलपाने कोळशासारख्या काळ्या आणि नाकातले केस पांढरेशुभ्र, हा फरक साध्या डोळ्यांना दिसला नव्हता. लेन्सने तो एकेक केस सुटा करून दाखवला.

फोटो पाहून प्रत्येकाचं म्हणणं एकच: "मी असा दिसत नाही." यात त्यांचा दोष नाही. १९७७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. ज्याचा फोटो त्याला बहुतेक वेळा उलटा आवडला, त्याच्या मित्राला सरळ. जन्मभर आरशात पाहिलेला चेहराच आपण आपला मानतो. गोलीला हे समजावून सांगितलं, त्याचा फोटो उलटा करून दाखवला. तो म्हणाला, "हा कोण दुसरा म्हातारा?"

मग पोटाचा प्रश्न. "एक, दोन, तीन" म्हटलं की "एक"ला सगळी पोटं आत जायची, "दोन"ला चेहरे तांबडे व्हायचे आणि "तीन"ला एकदम सगळा श्वास बाहेर, त्याच्याबरोबर पोटंही. म्हणून मी "दोन"लाच बटण दाबू लागलो. दोन फोटोंत त्यांनी ही लबाडी ओळखली आणि "एक"लाच श्वास सोडू लागले.

पण मेळाव्याचा खरा कार्यक्रम वेगळाच होता. १९७९ चा वर्गाचा काळा-पांढरा फोटो मॉनिटरने मोठा करून आणला होता. त्याच क्रमाने, त्याच जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढायचा. तेव्हाचा फोटोग्राफर काळ्या कापडाखाली डोकं घालून "हिलना मत!" असा आतून दम भरायचा, ते काम आता माझं. निकोलस निक्सन नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने १९७५ पासून चार बहिणींचा दरवर्षी एक, असे चाळिसाहून अधिक वर्षं फोटो काढले, बहिणी दर वेळी त्याच क्रमाने उभ्या. त्याला जमलं, कारण बहिणी चारच होत्या आणि बाकावर चढायचं नव्हतं.

जुन्या फोटोत मागची रांग बाकावर उभी आहे, मधली जमिनीवर, त्यापुढे खुर्च्यांवर मास्तर आणि सगळ्यात पुढे मांडी घालून बसलेली मुलं. आता बाकावर चढायला मागच्या रांगेतलं कुणी तयार नव्हतं. एक जण चढला, पण मग उतरायला तयार होईना. पुढच्या रांगेतल्यांना मांडी घालता येत नव्हती. ज्याने घातली त्याला उठवायला दोघं लागले आणि त्या दोघांतल्या एकाची कंबर धरली. शेवटी खुर्च्या आणल्या. खुर्च्या आणल्यावर सगळेच बसले. म्हणजे ज्या जागी मास्तर बसायचे तिथे आम्ही.

मास्तरांवरून मग हिशेब निघाला. हिंदीचे सर फोटोत मधोमध आहेत, ज्यांना आम्ही पाठीमागे "बुढऊ" म्हणायचो. कुणीतरी आठवून सांगितलं, सर तेव्हा अडतीस वर्षांचे होते. मॉनिटरची थोरली मुलगीही शिक्षिका, आणि ती आज अडतिसाची आहे. तो तडक बोलला, "ती तर अजून पोरगी आहे रे!" त्यावर वर्गातल्या एका बाईंनी, ज्या बालाघाटला मुख्याध्यापिका होत्या आणि शाळेत असताना आमच्यातल्या एकाशीही कधी बोलल्या नव्हत्या, शांतपणे सांगितलं, "तिच्या विद्यार्थ्यांना विचारून बघ."

दोन फोटो शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. कान. १९९५ साली इंग्लंडातल्या एका डॉक्टरने २०६ रुग्णांचे कान मोजून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं, की कानाची लांबी वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटरने वाढते. सेहेचाळीस वर्षांचे झाले साधारण एक सेंटिमीटर. केस गेले, दात गेले, उंचीही थोडी घटली; वाढत राहिला तो कान, आणि नेमका तोच ऐकेनासा झाला. गोलीचा डावा कान उजव्याहून जास्त लोंबतो. गणिताचे सर समोर उभे राहून उजव्या हाताने ओढायचे, त्यामुळे त्याच्या बाबतीत इंग्लंडचा हिशेब लागू नाही.

जे आता नाहीत त्यांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात, असं आमचा बंगाली दादा म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. पण जागा सोडत सोडत रांग इतकी लांबली, की दोन्ही टोकं चौकटीबाहेर. रुंद कोनाची लेन्स लावली तर टोकाची माणसं आडवी पसरतात, आणि टोकाला दोन्हीकडे आधीच भरपूर पसरलेले होते. त्यांनी बंड केलं. "सरक, अजून सरक" करत करत सगळे मधे आले, खांद्याला खांदा चिकटला. रिकामी जागा एकही उरली नाही. गेलेल्यांतला एक तर नेहमी शेवटच्या बाकावर तिघांत चौथा घुसायचा; तो असता तर सगळ्यात आधी त्यानेच ढकललं असतं.

आता मिटलेले डोळे. ग्रुप फोटोत कुणाचेच डोळे मिटू नयेत म्हणून किती फोटो काढावेत, हे ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी गणिताने काढलं आणि त्याबद्दल त्यांना २००६ साली इग नोबेल मिळालं. माणसं विसाच्या आत असतील तर उजेडात संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. पन्नास झाली की आशा सोडा. हे ऐकून गणितात पहिला आलेला लगेच भागाकार करायला बसला. महानगरीची तारीख आठवून बाकीच्यांनी त्याला थांबवलं. शिवाय हे सूत्र डोळे लवणाऱ्यांसाठी आहे. दुपारच्या जेवणात खोव्याची जिलेबी होती आणि दुसऱ्या रांगेतले दोघं चक्क झोपले होते.

"हलू नको, बड्डे!" मी ओरडलो. जागे होते ते सगळे कोण हललं ते बघायला वळले. तो फोटो माझ्या मते सगळ्यात चांगला आला.

दुसऱ्या दिवशी जुन्या खुणा बघायला निघालो. व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. आमचं बालपण शक्तिमान ट्रक मोजण्यात गेलं. शक्तिमानचं उत्पादन १९९६ ला थांबलं आणि १९९७ ला त्याच नावाचा कुणी टीव्हीवर गरगर फिरू लागला, तेव्हा आम्हाला तो तोतया वाटला. दुसरी गाडी जोंगा. जबलपूरच्या ऑर्डनन्स आणि गन कॅरेज या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून तिचं नाव झालं. सैन्यातून निघालेल्या जोंगा हौशी लोकांनी लिलावात घेतल्या, रंगवल्या, त्यांवर दिवे बसवले. आमच्यातले कलपवाले ते जोंगा आणि बाकीचे शक्तिमान, असा निवाडा दादाने दिला.

खमरियाच्या बाजूला फाटकाशी थांबलो. या फाटकापर्यंत मी वडिलांचा डबा घेऊन यायचो. वडिलांनी पुण्याला बदली मिळावी म्हणून हयातभर अर्ज केले, मिळाली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि खमरिया ज्या कंपनीत गेली तिचं मुख्यालय पुण्याला आलं. वडिलांऐवजी सगळ्या फॅक्टरीचीच बदली झाली म्हणायची. फोटो घ्यावासा वाटला, पण असल्या ठिकाणी मनाई असते. पहाऱ्यावरचा पोरगेला जवान अदबीने म्हणाला, "अंकल, कैमरा बैग में रख लीजिए." मला "अंकल" लागलं. मॉनिटरने कानाशी येऊन सांगितलं, "तुला अंकल तरी म्हणाला. मला बाबूजी म्हणून राहिला होता."

तिथून मदनमहालला, संतुलित शिळेकडे. एका खडकावर दुसरा भलाथोरला खडक केवळ टेकलाय, बघणाऱ्याला आत्ता पडेल असं वाटतं. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरात भूकंप झाला, घरं पडली, माणसं गेली. ही शिळा हलली नाही. इथे येणारा प्रत्येक जण हात वर करून शिळा पेलल्याचा फोटो काढतो. गोलीनेही हात वर केला आणि त्याचा खांदा तिथेच अडकला. हात खाली येईना. जीपमध्ये बसून बाजारात पोचलो तरी तो वरच होता, आणि वाटेतल्या दोन रिक्षा आमच्यासाठी थांबल्या.

संध्याकाळी सगळे फोटो मांडवात टीव्हीवर लावले. प्रत्येकाला दुसऱ्याचे पसंत पडले. वर्गशिस्त पाळून चर्चा झाली आणि बालाघाटच्या बाईंनी निकाल दिला, की फोटो उत्तम आहेत, माल जुना आहे. तरीही गोलीने ठराव मांडला की पुढच्या मेळाव्याला फोटोग्राफर बदलावा. गणिताच्या पहिल्या नंबराने अनुमोदन दिलं. गोलीचा दुखरा हात अजून खाली आला नसल्यामुळे त्याचं मत दोनदा मोजलं गेलं, पण तसंही ते एकमतानेच मंजूर झालं असतं.

तेव्हा वाचकांत कुणी रांझीकर असेल, हाताशी तिपाई असेल, तर जरूर कळवावं. लेन्स फार चांगली नसली तरी चालेल. वय मात्र साठीच्या पुढचं हवं, कारण फोटो काढणाऱ्याने आम्हाला "अंकल" म्हणता कामा नये, ही एकच अट ठरावात घातली आहे.